जुने विमान विकत घेण्यापूर्वी : तपासणी, कागदपत्रे आणि तारण

कोलकात्याच्या नेताजी सुभाषचंद्र बोस आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या एका कोपऱ्यात बोइंग ७३७-२०० जातीचे एक विमान २०१२ सालापासून उभे होते. १९८२ मध्ये ते इंडियन एअरलाइन्सच्या ताफ्यात दाखल झाले, पुढे काही वर्षे अलायन्स एअरकडे राहिले आणि अखेरच्या काळात टपाल खात्याच्या मालवाहतुकीसाठी वापरले गेले. सेवेतून निवृत्त झाल्यावर मात्र त्याचा मालकालाच विसर पडला. इंडियन एअरलाइन्सचे एअर इंडियात विलीनीकरण झाले, जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली; या स्थित्यंतरांत हे विमान मालमत्तेच्या नोंदीतून गळून पडले. घसारा नाही, विमा नाही, देखभालीची तरतूद नाही. इतकेच नव्हे, तर खासगीकरणाच्या वेळी झालेल्या मूल्यांकनातही ते धरले गेले नव्हते. विमानतळ व्यवस्थापनाने जागा मोकळी करण्याची मागणी केली, तेव्हा पडताळणीत ते आपलेच असल्याचे कंपनीच्या ध्यानात आले. तोवर जागाभाड्याची रक्कम सुमारे एक कोटी रुपयांवर गेली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते विमान रस्तामार्गे बेंगळुरूला नेण्यात आले. देखभाल अभियंत्यांच्या प्रशिक्षणासाठी त्याचा उपयोग व्हावयाचा आहे.

वृत्तपत्रांनी ही हकिकत गमतीचा विषय म्हणून छापली. लेखापालाला व पतपुरवठा अधिकाऱ्याला तीत गमतीहून अधिक काही दिसेल. मालमत्तेची प्रत्यक्ष पडताळणी हा लेखापरीक्षणातील प्राथमिक धडा. तो शंभर फूट लांबीच्या वस्तूच्या बाबतीतही चुकू शकतो. शिवाय एक प्रश्न उरतो. तेरा वर्षे उघड्यावर उभे असलेले विमान विकत घेण्याचा प्रस्ताव एखाद्याने आणला, तर त्याची किंमत ठरवायची कशी? त्याचे उत्तर ज्या प्रक्रियेत आहे तिला विमान व्यवसायात खरेदीपूर्व तपासणी म्हणतात. धुळे, बारामती, गोंदियाजवळील बिरसी येथे वैमानिक प्रशिक्षण चालते. अशा संस्थांना, हवाई फवारणी वा छायाचित्रण करणाऱ्यांना आणि स्वतःचे छोटे विमान बाळगणाऱ्या उद्योजकांनाही जुने विमान घेण्याचा प्रसंग येतो. तेव्हा हा विषय वाटतो तितका परका नाही.

विमानाचे वय तीन प्रकारचे

मोटारगाडीचे वय आपण वर्षांत मोजतो आणि फार तर किलोमीटरचा आकडा पाहतो. विमानाला तीन वये असतात. पहिले दिनदर्शिकेचे, म्हणजे निर्मितीपासून किती वर्षे लोटली ते. दुसरे उड्डाणाच्या तासांचे. तिसरे आवर्तनांचे, एक उड्डाण आणि एक अवतरण मिळून एक आवर्तन. अनभ्यस्त खरेदीदार पहिल्या दोहोंकडे पाहतो आणि तिसरे विसरतो. वास्तविक मोठ्या विमानाच्या बाबतीत तिसरेच बहुधा निर्णायक असते. उंचीवर गेल्यावर प्रवाशांच्या कक्षातील हवेचा दाब बाहेरच्या दाबापेक्षा बराच अधिक ठेवावा लागतो. त्यामुळे विमानाचे धड प्रत्येक उड्डाणात किंचित फुगते आणि खाली उतरल्यावर पुन्हा आकसते. पत्रा वारंवार वाकविला की तुटतो, हे घरातील डब्याच्या झाकणावरूनही समजते. तीच क्रिया येथे हजारो वेळा घडते.

२८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या अशाच एका बोइंग ७३७-२०० विमानाचे छत, सुमारे चोवीस हजार फूट उंचीवर असताना, अठरा फूट लांबीपर्यंत उडून गेले. एक हवाई सेविका बाहेर फेकली जाऊन मृत्युमुखी पडली. वैमानिकांनी विमान सुखरूप उतरविले म्हणून इतर सर्व वाचले. ते विमान एकोणीस वर्षांचे होते आणि त्याचे तास सुमारे पस्तीस हजार, म्हणजे फार नव्हते. परंतु बेटाबेटांमधील छोट्या फेऱ्यांमुळे त्याची आवर्तने ८९,६८० झाली होती. निर्मात्याने आराखडा करताना पंचाहत्तर हजारांचा अंदाज धरला होता. त्यात समुद्राची खारी हवा. पत्र्यांच्या सांध्यांतील चिकटद्रव्य सुटले, रिव्हेटांच्या छिद्रांपाशी बारीक तडे गेले आणि कंपनीच्या देखभाल यंत्रणेला ते वेळीच सापडले नाहीत, असा चौकशीचा निष्कर्ष होता. एका प्रवासी महिलेने विमानात चढतानाच दाराजवळ तडा पाहिला होता. ती कोणाला बोलली नाही. या घटनेनंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम जगभर कडक झाले. भारतातही नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे प्रचलित भाषेत डीजीसीए, परदेशातून आणावयाच्या विमानांसाठी वयाबरोबरच आवर्तनांचाही विचार करते. असे विमान ठरविण्यापूर्वी त्या वेळी लागू असलेली मर्यादा पाहून घेणे ही पहिली पायरी होय. आयातीस अपात्र ठरणाऱ्या विमानाची तपासणी करून घेण्यात पैसा घालविण्याचे कारण नाही.

स्वस्ताईचा जुना धडा

कोलकात्याला जुन्या विमानांच्या बाजाराचा अनुभव नवा नाही. दुसऱ्या महायुद्धात बंगाल व आसाममधील धावपट्ट्यांवरून हिमालयापलीकडे चीनला रसद पोहोचविली जाई. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याला नको असलेली डाकोटा विमाने भारतात स्वस्तात उपलब्ध झाली. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये बेंगळुरूला स्थापन केलेल्या हिंदुस्तान एअरक्राफ्ट कारखान्यात युद्धकाळात अमेरिकन विमानांची दुरुस्ती होत असे. युद्धोत्तर काळात तेथेच लष्करी डाकोटांचे नागरी विमानांत रूपांतर होऊ लागले. एअरवेज इंडिया आणि भारत एअरवेज या कंपन्या कोलकात्यातून चालत. बिजू पटनाईक यांची कलिंग एअरलाइन्सही याच काळातील.

विमाने स्वस्त मिळाली, परवाने सढळ हाताने दिले गेले, आणि प्रवासी मात्र त्या प्रमाणात नव्हते. काही कंपन्या लवकरच बुडाल्या. १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या हवाई वाहतूक चौकशी समितीने, आवश्यकतेपेक्षा अधिक कंपन्यांना परवाने दिले गेल्याचा ठपका ठेवला. अखेर १ ऑगस्ट १९५३ रोजी राष्ट्रीयीकरण होऊन आठ कंपन्यांची इंडियन एअरलाइन्स झाली. डाकोटा हे विमान म्हणून उत्तमच होते, दणकट आणि दुरुस्तीस सोपे. खरेदीची किंमत कमी असल्याने व्यवसाय फायदेशीर ठरेल, हा हिशेब चुकला. विमानाच्या एकूण खर्चात खरेदीची रक्कम हा केवळ आरंभ असतो, ही गोष्ट आजही अनेक प्रकल्प अहवालांत दिसत नाही.

प्रथम कागद, मग पाना

तपासणी म्हटली की अभियंता हातात पाना आणि विजेरी घेऊन विमानाखाली शिरला आहे, असे चित्र डोळ्यांसमोर येते. अनुभवी तपासनीस मात्र आधी एका टेबलाशी बसतो आणि नोंदवह्या मागवितो. विमानाच्या सांगाड्याची एक, प्रत्येक इंजिनाची एक, पंखा असल्यास त्याची एक अशा या लॉगबुका असतात. पहिल्या उड्डाणापासूनच्या सर्व वह्या सलग आहेत काय, मध्ये काही वर्षांचा खंड आहे काय, तासांची बेरीज एका पानावरून दुसऱ्या पानावर बरोबर नेली आहे काय, हे तो पाहतो. बँकेत खतावणी तपासणाऱ्याला हे काम ओळखीचे वाटेल. एखादी वही हरविली असेल तर विमानाची किंमत लक्षणीय घटते, कारण हरविलेल्या वहीत नेमके काय होते हे सांगणारा कोणी नसतो. अपघाताची वा जोरात आदळून उतरल्याची नोंद तीतच असू शकते.

दुसरी बाब उड्डाणयोग्यता निर्देशांची. एखाद्या जातीच्या विमानात धोकादायक दोष आढळला की संबंधित देशाची नियामक संस्था असे निर्देश काढते आणि त्यांचे पालन सक्तीचे असते. उदाहरणार्थ, प्रशिक्षण संस्थांत सर्रास दिसणाऱ्या सेस्ना १७२ विमानात वैमानिकाची खुर्ची ज्या रुळांवर सरकते, ते झिजल्यास उड्डाण करतानाच खुर्ची मागे घसरते, आणि भांबावलेला वैमानिक सुकाणूच मागे ओढतो. त्यामुळे त्या रुळांची ठरावीक तासांनी तपासणी करण्याचा निर्देश १९८७ पासून आहे. गोष्ट खुर्चीच्या रुळाची, परंतु तिच्यात माणसे दगावली आहेत. प्रत्येक लागू निर्देशापुढे पालनाची तारीख, तास आणि अधिकृत अभियंत्याची सही असावी लागते. ‘सर्व निर्देशांचे पालन केले आहे’ असे एका ओळीचे प्रमाणपत्र पुरेसे नाही.

जेट इंजिनाच्या बाबतीत कागदांचे महत्त्व आणखी वाढते. इंजिनातील फिरणाऱ्या चकत्यांना आवर्तनांची कमाल मर्यादा ठरवून दिलेली असते; ती संपली की भाग दिसायला कितीही ठीक असला तरी काढून टाकावा लागतो. अशा प्रत्येक भागाचा जन्मापासूनचा इतिहास कागदोपत्री सिद्ध व्हावा लागतो. कागद नसेल तर लाखो रुपयांची चकती भंगाराच्या भावाची ठरते. कागद आहे, पण खोटा आहे, असेही घडते. २०२३ मध्ये लंडनच्या एका पुरवठादाराने सीएफएम-५६ जातीच्या इंजिनांसाठी बनावट प्रमाणपत्रांसह सुटे भाग विकल्याचे उघडकीस आले आणि अनेक देशांतील विमान कंपन्यांना आपली इंजिने उघडून ते भाग शोधावे लागले. म्हणून प्रमाणपत्र ज्याने दिल्याचे दिसते, त्याच्याकडेच त्याची खातरजमा करून घ्यावी. मुदतठेवीच्या पावतीवर दुसरी बँक कर्ज देते तेव्हा ती पावती देणाऱ्या शाखेला विचारतेच.

कमी उडालेले विमान

जाहिरातीत ‘अत्यंत कमी तास उडालेले’ असे लिहिले असले की ग्राहक हुरळतो. येथे थोडे थांबावे. छोट्या विमानांतील लायकमिंग इंजिनाचेच पाहा. त्याच्या ओ-३२० या प्रचलित जातीला निर्मात्याने संपूर्ण नूतनीकरणासाठी साधारणपणे दोन हजार तासांची मर्यादा सुचविली आहे, आणि त्याच बरोबर बारा वर्षांचीही. जे आधी संपेल ते खरे. वीस वर्षांत चारशे तास उडालेल्या विमानाचे इंजिन तासांच्या हिशेबाने तरुण असते, वर्षांच्या हिशेबाने मुदतबाह्य. आणि ही दुसरी मर्यादा केवळ औपचारिक नाही. या इंजिनात झडपा उघडणारा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान उभे राहिले की त्यावरचे तेल हळूहळू निथळून खाली जाते, दमट हवेतील पाणी उघड्या पोलादावर बसते आणि गंज धरतो. पुढे इंजिन चालू झाल्यावर त्या गंजाच्या जागी पोलादाचे कण सुटू लागतात. कोलकात्यासारख्या, किंवा आपल्या कोकणासारख्या, हवेत एका पावसाळ्याची उभी विश्रांतीही इंजिनाला महाग पडते. आठवड्याला नियमित उडणारे, दीड हजार तास झालेले प्रशिक्षण विमान अशा ‘कमी उडालेल्या’ विमानापेक्षा पुष्कळदा सरस ठरते.

हा दोष शोधण्याची रीत सोपी आहे. तेलाची गाळणी कापून उघडतात आणि तिच्यातील कागदाच्या घड्यांत धातूचे कण चमकतात का ते पाहतात. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठविता येतो. सिलिंडरची परीक्षा दाबाने होते. सिलिंडरमध्ये ठरावीक, बहुधा ८० पौंड, दाबाची हवा सोडतात आणि आत किती दाब टिकतो हे दुसऱ्या मापकावर वाचतात. पंचाहत्तर टिकला तर उत्तम. साठाच्या आसपास आला तर हवा कोठून निसटते हे कान लावून ऐकायचे. धुरांड्यातून फुसफुस ऐकू आली तर निकासाची झडप गळते, तेल भरण्याच्या तोंडातून आली तर दट्ट्याच्या कड्या झिजल्या आहेत. पुढे बारीक कॅमेऱ्याची नळी आत घालून झडपांचे चेहरे पाहता येतात. अर्ध्या दिवसाच्या या कामातून लाखो रुपयांच्या नूतनीकरणाचा अंदाज मिळतो.

सांगाड्यात गंज कोठे लपतो हेही अभ्यासाने ठाऊक होते. बॅटरीखाली, पत्र्यांच्या एकावर एक आलेल्या सांध्यांत, मोठ्या विमानात स्वयंपाकघर आणि प्रसाधनगृहाच्या जमिनीखाली. वर नवा चकचकीत रंग दिसला की तपासनीस अधिक सावध होतो. दीर्घकाळ उभ्या विमानात पक्ष्यांची घरटी व उंदरांनी कुरतडलेल्या तारा सापडतात, आणि इंधनटाकीच्या तळाशी साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढून टाकीचा धातूही खराब होतो.

तपासनीस कोणाचा?

या प्रश्नावर अनेक व्यवहार फसतात. विक्रेता म्हणतो, ‘आमच्याच अभियंत्याने गेली दहा वर्षे विमान सांभाळले आहे, त्यालाच विचारा.’ त्या अभियंत्याच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. परंतु स्वतः केलेल्या कामातील चूक स्वतःला सहसा दिसत नाही. शाखेची तपासणी त्याच शाखेचा व्यवस्थापक करीत नाही, तोच न्याय येथे लागू. तपासनीस त्या विशिष्ट जातीच्या विमानाचा अनुभव असलेला, परवानाधारक आणि खरेदीदाराने स्वतः नेमलेला असावा. त्याचे शुल्कही खरेदीदारानेच द्यावे. ते वाचविण्याचा मोह अनाठायी आहे.

दुसरा गैरसमज वार्षिक तपासणीविषयी आहे. उड्डाणयोग्यतेचे प्रमाणपत्र ताजे आहे, मग पुन्हा तपासणी कशाला, असे विचारले जाते. प्रमाणपत्र एवढेच सांगते की त्या दिवशी विमान नियमांच्या किमान अटी पूर्ण करीत होते. पुढील वर्षी इंजिनावर किती खर्च येईल, अवतरणचक्रांचे नूतनीकरण केव्हा आहे, हे ते सांगत नाही. आणि खरेदीपूर्व तपासणीची व्याप्ती काय असावी हे नियमांनी ठरवून दिलेले नसल्याने ती आधी कागदावर लिहून घ्यावी लागते. काय उघडायचे, काय मोजायचे, परीक्षण उड्डाण करायचे की नाही, आणि विमान पुन्हा जोडून देण्याचा खर्च कोणाचा, हे सर्व. इसारा देताना करारात दोन गोष्टी अवश्य असाव्यात. उड्डाणयोग्यतेस बाधक दोष आढळल्यास तो विक्रेत्याने स्वखर्चाने दूर करावा. आणि अहवाल असमाधानकारक वाटल्यास खरेदीदाराला इसारा परत मिळावा. ही दुसरी अट नसेल तर अहवाल वाईट आला तरी खरेदीदाराचे हात बांधलेले राहतात.

बँकेच्या बाजूने

यंत्राची तपासणी झाली तरी मालकीची उरते. विमानाची नोंद डीजीसीएच्या नोंदवहीत असते; तेथे गहाणाची नोंद आहे काय, मालक कंपनी असल्यास कंपनी निबंधकाकडे बोजा नोंदविला आहे काय, हे दोन्ही शोध घ्यावे लागतात. केप टाउन करारात भारत २००८ मध्ये सहभागी झाला. त्यानुसार चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय नोंदणीतही मोठ्या विमानांवरील हक्क पाहावे लागतात. या कराराला देशांतर्गत कायद्याचे बळ देणारा अधिनियम २०२५ मध्ये संमत झाला. त्यामागे गो फर्स्ट कंपनीचा अनुभव होता. मे २०२३ मध्ये ती दिवाळखोरीत गेली आणि भाड्याने विमाने देणाऱ्या परदेशी कंपन्यांना ती परत मिळेनात. विमाने देशातील विमानतळांवर उभी राहिली. मालकांना निदान आपली विमाने महिन्यातून दोनदा पाहता यावीत, यासाठीही दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. स्वतःच्या मालमत्तेची तपासणी करण्याचा हक्क करारात व कायद्यात किती मोलाचा आहे, हे यावरून कळते.

थकीत देणी हा आणखी एक भाग. विमानतळाचे जागाभाडे, मार्ग-दिशादर्शनाचे शुल्क, कर, दुरुस्ती कार्यशाळेचे बिल. कार्यशाळेचे पैसे थकले असतील तर ती विमान ताब्यातून सोडणार नाही. म्हणून या प्रत्येकाकडून ‘देणे बाकी नाही’ असे पत्र घ्यावे.

मूल्यांकनाविषयी मुंबईतील एक उदाहरण बोलके आहे. किंगफिशर एअरलाइन्सचे प्रवर्तक विजय मल्ल्या यांच्या वापरातील एअरबस ए-३१९ हे खासगी विमान सेवाकर विभागाने थकबाकीपोटी जप्त केले होते. मार्च २०१६ मध्ये त्याचा लिलाव ठेवला तेव्हा राखीव किंमत होती १५२ कोटी रुपये. बोली एकच आली, १ कोटी ९ लाखांची. ती अर्थातच नाकारली गेली. पुढे अनेक फेऱ्या होऊन जून २०१८ मध्ये ते ३४ कोटी ८० लाखांना विकले गेले. मधल्या काळात ते मुंबई विमानतळावर उभेच होते. प्रत्येक पावसाळ्यागणिक त्याची किंमत उतरत होती आणि मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर ते जागा अडवून होते. अंतर्भागातील ऐषारामावर मूळ मालकाने किती खर्च केला, याच्याशी नव्या खरेदीदाराला कर्तव्य नसते. त्याला इंजिनात किती आयुष्य उरले आहे आणि ते विमान उडविण्यास किती पैसा लागेल, एवढेच हवे असते.

त्यामुळे जुन्या विमानासाठी कर्जाचा प्रस्ताव तयार करताना ग्राहकांनी विक्रेत्याचे दरपत्रक व स्वतंत्र तपासणीचा अहवाल ही दोन्ही कागदपत्रे एकत्र जोडावीत. अहवालात पुढील तीन वर्षांत येणारे मोठे खर्च वर्षवार दाखविलेले असावेत, म्हणजे परतफेडीचा तक्ता त्यांच्याशी जुळविता येतो. इंजिनाचे नूतनीकरण अठराव्या महिन्यात येणार असेल आणि त्याच सुमारास हप्त्याची रक्कम वाढत असेल, तर ते आरंभीच बदलून घेता येते. विमा कर्ज वितरणापूर्वी, बँकेचे नाव लाभार्थी म्हणून घालून, उतरविलेला असावा. आणि विमान जमिनीवर उभे असतानाही तो चालू राहतो काय, हे पत्रकातील बारीक अक्षरांत वाचून पाहावे.